वीस महिन्यांची शाळा

मराठी माणसाला सुरत म्हटले की १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शाळेतल्या पुस्तकाने ती मनात पक्की बसवली आहेत. परंतु आज सुरतेत लाखोंच्या संख्येने राहणाऱ्या मराठी माणसाचा इतिहास त्या दोन सालांत सापडत नाही. तो सापडतो तापीच्या खोऱ्यातून धावणाऱ्या भुसावळ-सुरत लोहमार्गावर. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करीत ही गाडी नवापूरला येते. तिथल्या स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. आमच्या खानदेशी माणसाने हीच सीमा पोटासाठी ओलांडली. कापसाचे पीक गेले, विहीर आटली, वाटणीत जमीन उरली नाही, की वळकटी बांधायची आणि उधन्याला उतरायचे, हा क्रम दोन-तीन पिढ्या चालत आला.

मी राहतो तो पर्वत पाटिया हा सुरतेचा पूर्वेकडचा भाग. गुजरातेत हमरस्त्यावर गावाच्या नावाची पाटी उभी असते, तिथून गावाकडे फाटा फुटतो. त्या जागेला 'पाटिया' म्हणण्याची रीत आहे. पर्वत हे गाव शहराने केव्हाच पोटात घेतले आणि पाटियाभोवती इमारती, सोसायट्या नि कापडाची गोदामे उभी राहिली. शेजारी गोडादरा, लिंबायत, डुंभाल, मगोब, पलीकडे डिंडोली. आमच्या गल्लीत सकाळी मारवाडी व्यापाऱ्याच्या घरून हिंदी ऐकू येते, दुकानदाराची गुजराती चालू असते, आणि नळावर अहिराणी. घरातला पुरुष लूमच्या खात्यात किंवा कापड मार्केटात पार्सल बांधायला जातो. बाई घरी बसून साड्यांना लेस लावते, टिकल्या चिकटवते. मूल महानगरपालिकेच्या शाळेत जाते. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्याही शाळा चालवते. एका शहराने इतक्या भाषांतून पोरांना शिकवावे, ही मामुली गोष्ट नव्हे.

याच मुलांच्या शाळेविषयी मला लिहायचे आहे. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. राजे आणि लढाया मी पुष्कळ शिकवल्या. पण संकट आले तेव्हा लहान मुलांच्या मनाचे काय झाले, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला मिळाले नाही. मोठ्यांच्या हानीचे पंचनामे होतात. लहानांच्या धास्तीचा पंचनामा होत नाही.

सुरतेवर आलेली तीन संकटे आमच्या पिढीने पाहिली. पहिले १९९४ चे. गणपतींचे विसर्जन नुकतेच झाले होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. मिळेल त्या गाडीने, ट्रकने काही लाख माणसे बाहेर पडली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे झुंबड उडाली. शाळा, सिनेमागृहे, बाजार बंद झाले. आमच्याकडची मंडळी साहजिकच खानदेशात गेली. मुले आजीच्या ओट्यावर पोचली. तिथे त्यांच्यावर संशयाने पाहणारे होते, गावाबाहेर थांबा म्हणणारेही होते. पण शाळा मात्र त्यांच्या मागे गावी गेली नाही. शाळा बंद म्हणजे बंद. पुढे साथ ओसरली, मुले परत आली, बाईंनी फळ्यावर नवी तारीख लिहिली आणि राहिलेला धडा पुढे सुरू झाला. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, शहराची सफाई झाली आणि प्लेगची सुरत स्वच्छ सुरत म्हणून गाजू लागली.

दुसरे संकट ऑगस्ट २००६ चे. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि तापीने शहराचा मोठा भाग बुडवला. लोक दोन-तीन दिवस वरच्या मजल्यांवर अडकून पडले. वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. पण पुरात माणसे एकमेकांना धरून असतात. एका गच्चीवर चार घरांची मुले, एका पातेल्यात सर्वांची खिचडी. भीती होती, पण ती वाटून घेतलेली होती. पाणी ओसरल्यावर चिखल काढणे हासुद्धा पोरांसाठी एक उद्योगच झाला.

तिसरे संकट २०२० चे, आणि ते या दोहोंहून निराळे. गुजरातेतील शाळा १६ मार्च २०२० पासून बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. लूम थांबले, मार्केटची शटरे पडली. लिंबायतच्या पट्ट्यात सुरुवातीलाच रुग्ण वाढले आणि गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू बांधले गेले. यावेळी मात्र माणसे दूर झाली आणि शाळा घरात आली. आजवर संकट आले की शाळा सुटायची आणि मूल माणसांत जायचे. आता मूल माणसांतून तुटले आणि शाळा मोबाइलमधून थेट त्याच्या अंथरुणाशी येऊन बसली. १९९४ च्या मुलाला निदान सुट्टी मिळाली होती. २०२० च्या मुलाला शाळाही नीट मिळाली नाही आणि सुट्टीही नाही. मुलांच्या मनावर जो ताण आला त्याचे मूळ मला इथे दिसते.

किती काळ चालले हे? तारखा लावून पाहू. दहावी-बारावीचे वर्ग ११ जानेवारी २०२१ रोजी उघडले, सहावी ते आठवीचे १८ फेब्रुवारीला. महिनाभरात दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलपे लागली. २ सप्टेंबर २०२१ रोजी सहावी ते आठवी पुन्हा सुरू झाली. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळेचे दार उघडले ते २२ नोव्हेंबर २०२१ रोजी. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१, म्हणजे वीस महिने. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल पहिलीचा वर्ग न पाहताच दुसरीत गेले आणि दुसरीच्या दिवाळीनंतर प्रथमच बाकावर बसले. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने आणखी महिनाभर त्याला घरी बसवले, ते वेगळेच.

या वीस महिन्यांविषयी गेली काही वर्षे मी आमच्या भागातल्या घरांतून विचारपूस करीत आलो आहे. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसे आणि एक मोबाइल, हे चित्र बहुतेक घरांत सारखे. मोबाइल वडिलांचा. टाळेबंदी सैल झाली तसे वडील कामावर जाऊ लागले आणि मोबाइलही त्यांच्याबरोबर जाऊ लागला. वर्ग सकाळी, मोबाइल रात्री. दोन भावंडे असतील तर धाकट्याचा वर्ग थोरल्याच्या वर्गाच्या वेळी. अशा वेळी घरोघर एकच निवाडा झाला: मुलाने शिकावे, मुलीने तोवर आईला साड्यांना मदत करावी. तक्रार कोणत्याच मुलीने केली नाही. ती नोंद आपणच करायला हवी.

पण साधनांची टंचाई हा ताणाचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक खोल होता. सातवीतला एक मुलगा मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट धरून बसे. कारण विचारले तर बोलेना. पुढे कळले की त्याच्या मागे साड्यांचा ढीग आणि ताके दिसत, कोपऱ्यात मोरी दिसे, आजारी आजोबा खोकत. शाळेत गणवेश घातला की सर्वांची घरे सारखी होतात. मोबाइलने प्रत्येकाचे घर उघडे करून वर्गापुढे मांडले. दुसरी एक मुलगी प्रश्न समजला नाही तरी 'समजला' म्हणे, कारण न समजल्याचे सांगितले तर आवाज सर्वांच्या घरांत, त्यांच्या आईबापांनाही ऐकू जाई. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ च्या जानेवारी ते मार्च या काळात सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिच्यात ५१ टक्के मुलांनी ऑनलाइन शिकण्यात अडचण येते असे सांगितले आणि २८ टक्क्यांनी प्रश्न विचारायला संकोच वाटतो असे सांगितले. चिंतेची कारणे म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचा उल्लेख ८१ टक्के मुलांनी केला. आमच्या गल्लीतली ती मुलगी या आकड्यांत कुठेतरी बसलेली आहे.

तिसरा भाग भाषेचा, आणि तो आपल्या वाचकांना सांगावाच लागेल असे नाही. घरात अहिराणी, पुस्तकात प्रमाण मराठी, रस्त्यावर गुजराती-हिंदी आणि मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी सूचना. वर्गात बाई समोर असत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून मूल अर्थ लावी. पडद्यावर चेहरा नखाएवढा झाला आणि मुलाचा हा आधार गेला.

त्यात आमची मुले दोन राज्यांच्या मधोमध सापडली. गुजरात सरकारने जून २०२० पासून दूरदर्शनच्या गिरनार वाहिनीवर घरी बसून शिकण्याचे पाठ सुरू केले. उपक्रम चांगला, पण त्याची भाषा गुजराती. महाराष्ट्रात एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका आणली. भाषा मराठी, घरातल्या वस्तूंतून, आईबापांना बरोबर घेऊन शिकण्याची रीत फार गोड. पण पाठ बालभारतीचे. आमच्या मुलांची मराठी पुस्तके येतात गांधीनगरहून. म्हणजे एका वाहिनीवर पुस्तक आपले आणि भाषा परकी, दुसरीवर भाषा आपली आणि पुस्तक परके. तरीही कित्येक आयांनी मुलांना सह्याद्रीच लावून दिली. एका माउलीने मला कारण सांगितले, "नाना, धडा कोणताही असू द्या, पोरगा त्या बाईंच्या बोलण्याला हसतो तरी." पोर हसते, एवढ्या एका कसोटीवर तिने निवड केली. मला वाटते, तिने शिक्षणशास्त्रातला मोठाच निर्णय केला.

अशी वेळ जगात पहिल्यांदाच आली होती असे नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि सप्टेंबरमध्ये शाळा उघडता आल्या नाहीत. तेव्हा तिथल्या शाळाखात्याने तिसरी ते आठवीच्या तीन लाखांहून अधिक मुलांना रेडिओवरून शिकवले. पाठांचे वेळापत्रक आणि गृहपाठ वर्तमानपत्रांत छापून येई. एक पाठ फक्त पंधरा मिनिटांचा. आणि अडलेल्या मुलांसाठी, पालकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसवलेले होते. पंचाऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी त्या लोकांनी दोन गोष्टी ओळखल्या: यंत्रातून येणारा धडा आखूड हवा, आणि यंत्रामागे एक माणूस हवा. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या सूचना काढल्या. पहिली ते आठवीला दिवसाकाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दोनच तास, नववी ते बारावीला चार, आणि बालवर्गाला तीस मिनिटांपेक्षा अधिक नाही, असे त्यांत सांगितले. त्याच महिन्यात मुलांच्या मानसिक आधारासाठी 'मनोदर्पण' हा उपक्रमही सुरू झाला. सूचना शहाण्या होत्या. त्या किती शाळांनी पाळल्या हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत पडद्यापुढे बसलेली मुले मी पाहिली आहेत.

आपल्याकडेही काही ठिकाणी माणसांनी आपली वाट काढली. पालघर जिल्हा हा आपल्यासारखाच सीमेवरचा. तिथे जव्हार-मोखाडा भागात मोबाइलला रेंज नाही आणि विकत घ्यायला पैसाही नाही. दिगंत स्वराज फाउंडेशनने २०२० मध्ये 'बोलकी शाळा' चालवली. ध्वनिक्षेपक पाड्यावर न्यायचा, मुलांना अंतराने बसवायचे आणि ध्वनिमुद्रित पाठ ऐकवायचे. सोलापुरात निलमनगर ही कापडाच्या कामगारांचीच वस्ती, आमच्या लिंबायतच्या नात्यातली म्हणा. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या शेकडो भिंतींवर धडे रंगवून घेतले. मूल पाव आणायला निघाले तरी वाटेत पाढा भेटे. या दोन्ही उपक्रमांत कॅमेरा नव्हता, हजेरी नव्हती, कोणाचे घर कोणाला दिसत नव्हते. मूल घराबाहेर चार मुलांत उभे राहत होते. ताण तिथेच निम्मा उतरला असणार.

पर्वत पाटियाच्या आसपास असे नावाजलेले काही घडले नाही. पण किरकोळ म्हणून जे घडले ते टिपून ठेवण्याजोगे आहे. पालिका शाळांच्या अनेक शिक्षकांना त्या काळात सर्वेक्षणाच्या कामाला जुंपले होते. दारोदार हिंडताना त्यांतल्या काहींनी आपल्या विद्यार्थ्यांची दारेही वाजवली. एक बाई रात्री साडेआठनंतर, वडील मोबाइल घेऊन घरी आले की, रोज पाच-सहा मुलांना फोन करीत. पहिला प्रश्न अभ्यासाचा नसे. "काय करी ऱ्हायना रे बेटा? जेवना का?" असे अहिराणीतून विचारीत. मग घरात कोण आजारी आहे, बापाला काम लागले का, हे बोलणे होई. शेवटची पाच मिनिटे एक गणित किंवा एक कविता. बस्स. ज्या मुलांना हा फोन येत होता ती शाळा उघडल्यावर परत आली. ज्यांना कोणाचाच फोन आला नाही, त्यांतली काही खात्यावर कामाला लागली ती लागलीच.

दुसरी तोड मुलांनी स्वतः काढली. एका मजल्यावर चार घरे, त्यांतल्या एकाकडे चांगला मोबाइल. तो जिन्यात उभा करून चौघे बसत. एकट्याला जो प्रश्न विचारायला लाज वाटे तो चौघे मिळून विचारीत. कंटाळा आला की पायऱ्यांवर सागरगोटे. साथीचे नियम सांभाळून मोठ्यांनी याकडे काणाडोळा केला, हे त्यांचे शहाणपण. ऑगस्ट २०२० मध्ये खाडीला पूर येऊन लिंबायत-पर्वतकडच्या भागात पाणी भरले. खालच्या घरांतली मुले वरच्या मजल्यावर गेली तेव्हा शाळा पुन्हा जिन्यातच भरली.

तिसरी गोष्ट घडली ती सरकारी निर्णयामुळे. १३ मे २०२१ रोजी गुजरात सरकारने दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांना परीक्षेविना पुढे पाठवण्याचे जाहीर केले आणि जूनच्या आरंभी बारावीची परीक्षाही रद्द झाली. यावर खूप टीका झाली. "फुकटचे पास" म्हणून त्या मुलांना हिणवले गेले. पण त्या एप्रिलमध्ये सुरतेच्या स्मशानांत रांगा लागल्या होत्या, हे टीकाकार विसरतात. ज्या घरातून माणूस गेला त्या घरातल्या पोराच्या डोक्यावरून त्या वेळी परीक्षा उतरली, हे योग्यच झाले. त्या मुलांच्या राहिलेल्या अभ्यासाची भरपाई नंतर नेटाने व्हायला हवी होती. तिथे आपण सारेच कमी पडलो.

हे सारे आता कशाला, असे कोणी विचारील. शाळा उघडल्या, मुले जाऊ लागली, झाले गेले तापीला मिळाले. पण संकटे सुरतेला नवी नाहीत, आणि आता शाळा बंद पडली की ती मोबाइलवर भरणार, हे ठरून गेले आहे. पावसाने खाडी फुगली तरी गटावर निरोप येतो, 'उद्या वर्ग ऑनलाइन'. म्हणून या वीस महिन्यांचे सार आपल्या घराघरांत ठाऊक असावे. धडा आखूड असावा आणि त्याची वेळ मोबाइल घरी असण्याची असावी. कॅमेरा लावण्याची सक्ती नसावी. मूल एकटे बसू नये, निदान शेजारचे एखादे भावंड जोडीला असावे. मुलीच्या वाट्याचा वेळ ठरवून तिलाच द्यावा. घरच्या बोलीत विचारपूस आधी व्हावी, अभ्यास मागून. आणि मूल गप्प झाले, जेवेना, झोपेना, तर त्याला आळशी म्हणण्याआधी कोणाशी तरी बोलावे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा मोफत चालते, आणि ती भारतीय भाषांतून बोलते.

नंदुरबार-धुळ्याकडच्या वाचकांना एक विनंती. २०२० च्या उन्हाळ्यात सुरतेहून पायी, ट्रकने, गाडीने तुमच्या गावांत आलेली मुले तुम्ही पाहिली असतील. जून उजाडला तेव्हा त्यांची शाळा सुरतेत मोबाइलवर सुरू झाली आणि ती मुले तुमच्या शिवारात रेंज शोधीत टेकडीवर चढत होती. त्यांतल्या कोणाची वही, कोणाचे पत्र, एखादे चित्र तुमच्या घरी राहिले असेल तर ते जपून ठेवा. प्लेगच्या वेळच्या मुलांचे असे काहीच आपल्याजवळ उरलेले नाही.

२०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले ते मूल मार्च २०३० मध्ये दहावीच्या परीक्षेला बसेल. त्याचा निकाल हातात घेताना त्याच्या पायाचे पहिले वीस महिने कुठे आणि कसे गेले, हे ज्यांना आठवेल त्यांनी गुणांच्या आधी त्याला जेवलास का, एवढे विचारावे.